कासवाला सांगा, पण नीट सांगा!

मुलांनो, देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरचं कासव तुम्ही पाहिलंच असेल. कुठे दगडी असतं, कुठे पितळेचं. आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. ते बिचारं वर्षानुवर्षं जागचं हलत नाही!

आज मी तुम्हाला एका हलणाऱ्या कासवाची ओळख करून देणार आहे. हे कासव संगणकाच्या पडद्यावर राहतं. त्याच्या पोटाला पेन बांधलंय असं समजा. ते चाललं की मागे रेघ उमटते. त्याला कामं येतात फक्त दोन. एक म्हणजे चालणं आणि दुसरं म्हणजे जागच्या जागी वळणं. बस्स! पण एवढ्या भांडवलावर ते घर काढतं, चांदणी काढतं, रांगोळीसुद्धा काढतं. कसं, ते आज पाहू या.

या कासवाला समजणाऱ्या भाषेचं नाव आहे 'लोगो'. पुढे जायला सांगायचं असेल तर 'फॉरवर्ड', मागे यायला 'बॅक', उजवीकडे वळायला 'राइट' आणि डावीकडे वळायला 'लेफ्ट'. संगणकावर हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकावे लागतात. आपण मात्र इथे सरळ मराठीत बोलू.

पुढे १००.
उजवीकडे ९०.

पहिल्या ओळीला कासव शंभर छोटी पावलं सरळ चालतं. दुसऱ्या ओळीला ते ९० अंशांत, म्हणजे काटकोनात वळतं. वळताना जागा सोडत नाही, फक्त तोंड फिरवतं. आपल्या औंढा नागनाथची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. संत नामदेव महाराज देवळाच्या मागच्या बाजूला कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, असं सांगतात. पूर्वेचं तोंड पश्चिमेला झालं. सांगा बरं, देऊळ किती अंशांत फिरलं? अर्धी फेरी म्हणजे १८० अंश. आलं ना लक्षात? वळणं म्हणजे हेच.

वरच्या दोन ओळी चार वेळा सांगितल्या की चौकोन तयार. पण तेच ते चारदा कशाला लिहायचं? लोगोत 'रिपीट' नावाचा शब्द आहे. आपण म्हणू:

४ वेळा करा: पुढे १००, उजवीकडे ९०.

एका ओळीत चौकोन झाला! पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुमच्या मनात काय आहे ते या कासवाला कळत नाही. तुम्ही जे सांगता तेवढंच त्याला कळतं. आईनं "जरा दुकानातून साखर आण" म्हटलं, की किती, कुठल्या दुकानातून हे तुम्हाला आपोआप समजतं. कासवाला नाही समजत. त्याला अगदी पावलापावलानं सांगावं लागतं. सगळी गंमत आणि सगळी पंचाईत इथेच आहे.

त्रिकोण फसला!

आमची शाळा जिल्हा परिषदेची, कयाधू नदीच्या काठच्या एका गावातली. शाळेत चालणारे संगणक दोन आणि मुलं भरपूर. एकेका संगणकापुढे सात-आठ जण दाटीवाटीनं बसतात. एक जण कळफलकावर आणि बाकीचे सगळे सल्लागार!

सहावीत एक मुलगी आहे. अक्षर मोत्यासारखं. पण गणितात उत्तर चुकलं की लगेच तिचा हात खोडरबराकडे जायचा. एवढं खोडायची, की वहीच्या पानाला भोक पडायचं. फळ्याजवळ बोलावलं तर खडू धरून नुसती उभी. येत नव्हतं असं नाही. चुकेल आणि सगळे हसतील, याची भीती. तुमच्यापैकी कितीतरी जणांना ही भीती ओळखीची वाटेल.

त्या दिवशी मुलांना त्रिकोण काढायचा होता, तिन्ही बाजू सारख्या असलेला. किती अंश वळायचं? सगळे एकदम ओरडले, "साठ!" कारण पुस्तकात लिहिलेलंच आहे, समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. मग आज्ञा दिली:

३ वेळा करा: पुढे १००, उजवीकडे ६०.

कासव निघालं. तीन रेघा काढल्या आणि थांबलं. पण त्रिकोण कुठाय? तिसरी रेघ पहिल्या रेघेपाशी आलीच नाही. तोंड उघडं ठेवलेल्या डब्यासारखं काहीतरी झालं.

"बाई, कासव बिघडलं!"

"काहून बिघडंल? आपण सांगितलं तेच केलं की त्यानं," दुसरा म्हणाला.

एवढ्यात लाइट गेली. आता काय करणार? सगळे पटांगणात गेलो आणि तिथे 'कासव-कासव' खेळ मांडला. एकानं कासव व्हायचं. बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या. कासवानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. कोन मोजायला पुठ्ठ्याची गोल तबकडी केली आणि तिच्यावर घड्याळासारखे बारा भाग पाडले. एक भाग ३० अंशांचा. वळायची वेळ आली की तबकडी पायाशी ठेवायची आणि भाग मोजून वळायचं.

आमची खोडरबरवाली मुलगी कासव झाली. पाच पावलं चालली. दोन भाग, म्हणजे ६० अंश वळली. आणि तिथेच थबकली. म्हणाली, "मी तर अजून पुढंच बघायले. निघाले तिकडं परत जायचं तर मला जास्त वळाय पाहिजे."

मग ती खाली बसली. आपण आलो ती रेघ तिनं खडूनं काढली. पुढे कुठे जायचं तीही रेघ काढली. दोन रेघांच्या मधला, आतला कोन ६० अंशांचा. "पण मी आतून कुठं वळायले? मी तर बाहेरून वळायले!" सरळ रेघेचे १८० अंश. त्यातले ६० आतल्या कोनाचे. उरले किती? १२०. म्हणजे तबकडीवर चार भाग. ती उठली, पाच पावलं चालली, चार भाग वळली, पुन्हा पाच, पुन्हा चार, पुन्हा पाच. आणि बरोबर निघाली होती त्याच जागी येऊन उभी राहिली.

पुस्तक चुकलं नव्हतं, कासवही चुकलं नव्हतं. पुस्तक आतला कोन सांगत होतं आणि कासवाला बाहेरचं वळण हवं होतं. हा फरक तिला कुणी सांगितला नाही, तो तिच्या पायांनी शोधला.

लाइट आल्यावर सगळे परत पडद्यापुढे. मगाचं ते फसलेलं चित्र पुसायला एकाचा हात पुढे झाला, तर तीच म्हणाली, "थांब. तीनच्या जागी सहा टाकून बघ." ६ वेळा करा: पुढे १००, उजवीकडे ६०. आणि काय गंमत! सुरेख षटकोन तयार झाला, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखा. म्हणजे मघाचं चुकलेलं उत्तर दुसऱ्या एका प्रश्नाचं अर्धं बरोबर उत्तर होतं!

हे कासव आलं कुठून?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे ग्रे वॉल्टर नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १९४८-४९ साली त्यांनी दोन छोटी चालती यंत्रं बनवली. त्यांची नावं एल्मर आणि एल्सी. त्यांना ते कासव म्हणत. पुढे अमेरिकेत, १९६७ साली सीमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. 'लोगो' हे नाव ग्रीक भाषेतल्या 'शब्द' या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं आहे. थोड्याच वर्षांत लोगोच्या आज्ञा ऐकणारं कासव आलं. सुरुवातीचं कासव खरोखर जमिनीवर चालणारं यंत्र होतं. मोठा कागद अंथरायचा आणि ते त्यावर पेनानं रेघा ओढत फिरायचं. नंतर ते पडद्यावर राहायला गेलं.

यातले पेपर्ट यांच्याबद्दल थोडं सांगते. ते दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात १९२८ साली जन्मले. लहानपणी त्यांना मोटारगाडीच्या दातेरी चाकांचं भारी वेड. एक चाक फिरलं की दुसरं किती फिरेल, याचा विचार करता करता आपल्याला गणित आवडू लागलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मोठेपणी ते गणितज्ञ झाले. मुलं कशी विचार करतात याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे यांच्याजवळ त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काम केलं. १९८० साली त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक फार मोलाची गोष्ट मांडली आहे. शाळेत आपण विचारतो, उत्तर बरोबर की चूक? संगणकाला आज्ञा लिहिणारा माणूस मात्र विचारतो, हे दुरुस्त कसं करता येईल? पहिल्याच फटक्यात बरोबर चालणाऱ्या आज्ञा मोठमोठ्या इंजिनिअरांनाही क्वचितच लिहिता येतात. कुठे बिघडलं ते शोधणं हाच त्यांच्या रोजच्या कामाचा मोठा भाग असतो. पेपर्ट २०१६ साली वारले, पण त्यांचं कासव अजून चालतंय. आजच्या 'पायथन' या भाषेतही ते आहे.

छपराची पताका

आता आमच्या मुलांनी घर काढायचं ठरवलं. घर म्हणजे काय? खाली चौकोन, वर त्रिकोणी छप्पर. दोन्ही तर येतातच! लोगोत कासवाला नवा शब्दही शिकवता येतो. चौकोन कसा काढायचा ते एकदा सांगून ठेवलं की पुढे नुसतं 'चौकोन' म्हटलं तरी चालतं. तसाच 'त्रिकोण'. मग घराची आज्ञा सोपी:

चौकोन.
त्रिकोण.

कासवानं चौकोन काढला आणि मग त्रिकोण काढला. पण कुठे? घराच्या आत! छप्पर कोसळून आत पडावं तसं. सगळे पोट धरून हसले. पण बघा हं, आता "कासव बिघडलं" असं कुणी म्हटलं नाही. "चौकोन झाल्यावर कासव कुठंय? तोंड कुणीकडं?" असं विचारायला लागले. कासव होतं खालच्या डाव्या कोपऱ्यात, तोंड वर. तिथूनच त्यानं त्रिकोण सुरू केला होता.

मग त्याला आधी भिंतीनं वर न्यायला हवं. चौकोन, पुढे १००, त्रिकोण. या वेळी छप्पर वर गेलं खरं, पण आडवं! भिंतीच्या टोकाला एक त्रिकोण उजवीकडे फडफडतोय असं दिसायला लागलं. एक जण म्हणाला, "अरे, ही तर दिंडीतली पताका!" झालं! घराचं काम तिथेच थांबलं. मुलांनी चौकोन काढून टाकला, काठी लांब केली आणि 'पताका' हा नवा शब्द कासवाला शिकवला. मग ओळीनं दहा पताका. नरसी नामदेवला निघालेली दिंडीच जणू!

आणि घराचं काय झालं? तेही जमलं. वर गेल्यावर कासवाचं तोंड सरळ आभाळाकडे असतं. छपरासाठी ते थोडं उजवीकडे कलायला हवं. किती? आमच्या मुलांनी आधी ४५ करून पाहिलं, छप्पर तिरपं बसलं. मग तबकडी घेतली. काटकोन ९० चा, त्यातला त्रिकोणाचा कोन ६० चा, उरले ३०. चौकोन, पुढे १००, उजवीकडे ३०, त्रिकोण. छप्पर चपखल बसलं.

यातून काय दिसतं? मोठं काम एकदम अंगावर घेतलं की घाबरायला होतं. त्याचे छोटे तुकडे केले, एकेक तुकडा तपासला, की नेमकं कुठे अडलंय ते सापडतं. सायकल चालत नसेल तर आपण आख्खी सायकल टाकून देतो का? चेन बघतो, ब्रेक बघतो, चाकातली हवा बघतो. आज्ञांचंही तसंच.

दोन प्रदक्षिणांची चांदणी

सगळ्यात जास्त दिवस लागले ते चांदणीला. पाच टोकांची, हात न उचलता काढतो ती. पाच रेघा आणि पाच वळणं. पण प्रत्येक वळण किती अंशांचं? १४० करून पाहिलं, टोक जुळायला थोडं कमी पडलं. १५० केलं, टोक पुढे निघून गेलं. मधेच कुठेतरी आहे हे कळलं, पण नुसतं अंदाजानं किती करणार?

तेव्हा कुणीतरी जुन्या आकृत्यांचा हिशेब फळ्यावर मांडला. त्रिकोणात ३ वळणं, १२० चं एक, एकूण ३६०. चौकोनात ४ वळणं, ९० चं एक, एकूण ३६०. षटकोनात ६ वळणं, ६० चं एक, एकूण ३६०! दर वेळी ३६० च. असं का? देवळाला प्रदक्षिणा घालून बघा. देऊळ लहान असो की मोठं, कोपरे चार असोत की चाळीस, निघाल्या जागी त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलात म्हणजे तुमची एक पूर्ण फेरी झाली. पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश.

मग चांदणीतही ३६० च हवेत. ३६० भागिले ५ म्हणजे ७२. करून पाहिलं, तर निघाला पंचकोन! पुन्हा सगळे पटांगणात. पाच टोकांवर पाच दगड ठेवले. एक मुलगा एकेक दगड सोडून चांदणीच्या वाटेनं चालला आणि बाकीचे त्याचं तोंड कुणीकडे वळतंय ते मोजत राहिले. निघाल्या दगडापाशी परत येईपर्यंत त्याचं तोंड एकदा नाही, दोनदा पूर्ण फिरलं होतं! "दोन प्रदक्षिणा!" सगळे एका सुरात ओरडले. दोन फेऱ्या म्हणजे ७२०. त्याला ५ नं भागलं, १४४.

५ वेळा करा: पुढे १००, उजवीकडे १४४.

पडद्यावर चांदणी उमटली, तेव्हा वर्गात केवढा गलका झाला म्हणून सांगू! शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला लोंबकळून बघत होती.

संगणक नसेल तर?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमच्या शाळेत संगणकच नाही, किंवा आहे पण कपाटात आहे. आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या छोट्याशा शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान लॅपटॉप मिळाले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी ती जगभरातली मोहीम होती आणि तिच्यामागे पेपर्ट यांचेही विचार होते. त्या लॅपटॉपमध्ये 'टर्टल आर्ट' नावाचं कासव असायचं. म्हणजे वाडीवस्तीवरच्या मुलांसाठीही हे कासव नवलाचं राहिलेलं नाही.

पण आमच्या वर्गाचं तुम्ही वाचलंच. १२० पटांगणात सापडलं, १४४ सुद्धा पटांगणातच. संगणकानं फक्त "नाही जमलं, पुन्हा बघा" एवढं सांगितलं, तेही न रागावता! हे काम तुमचा मित्र करू शकतो. खडू, पुठ्ठ्याची तबकडी आणि सांगितलं तेवढंच करणारा एक प्रामाणिक कासव-मित्र, एवढं असलं की खेळ सुरू.

आणि हो, वहीतसुद्धा हे करून पाहा. गणित चुकलं तर लगेच खोडू नका. त्याच्यावर एक बारीक रेघ मारा आणि शेजारी पुन्हा सोडवा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा, नेमक्या कोणत्या पायरीला वाट फुटली? ती पायरी सापडली की पुढच्या वेळी तुम्ही तिथे अडणार नाही. खोडून टाकलं, तर शोधणार कशात? आमच्या त्या मुलीच्या वहीत आता अशा बऱ्याच रेघा दिसतात. पानाला भोक मात्र एकही नाही.

आता तुमची पाळी

या तीन कोड्यांवर डोकं चालवा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण कुठे अडलात आणि कसं सोडवलंत ते नक्की लिहा.

१. एक चौकोन काढा. मग उजवीकडे ४५ अंश वळा. पुन्हा चौकोन, पुन्हा ४५. असं आठ वेळा केलं तर काय दिसेल? आधी कागदावर काढा आणि दिवाळीच्या रांगोळीशी ताडून बघा.

२. आपल्या औंढा तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही मोठी वेधशाळा होणार आहे. तिला २०२३ साली केंद्र सरकारनं मंजुरी दिली. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार आहे. तिचे दोन लांबलचक हात एकमेकांना काटकोनात असतील, प्रत्येक हात ४ किलोमीटरचा. लेझरचा प्रकाश प्रत्येक हातातून टोकापर्यंत जाऊन आरशावरून परत कोपऱ्यात येतो. आपल्या कासवालाही तसंच चालवा. दोन्ही हात काढून ते कोपऱ्यात परत यायला हवं. १०० पावलं म्हणजे १ किलोमीटर धरा आणि सगळ्या आज्ञा लिहा.

३. सात सारख्या बाजूंची आकृती काढायची आहे. वळण किती अंशांचं? भागाकार करताना एक अडचण येईल. ती कोणती आणि त्यावर तुम्ही काय तोडगा काढाल?

उत्तरं पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्या पटांगणात एखादं कासव चालू द्या. आणि ते भलतीकडेच गेलं तर त्याला रागावू नका बरं का! आपण काय सांगितलं होतं, ते आधी वाचून बघा.